कुहीचा सडवा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घरात मुरणारं, आंबणारं' असा विषय दिला. बहुतेक लेखक लोणच्याच्या बरणीकडे वळतील याचा अंदाज होता. मला फळांच्या वाइनबद्दल लिहायचं होतं, आणि तेही नाशिकच्या वाइनरीतल्या काचेच्या दालनात बसून नव्हे. घरच्या भांड्यात, घरच्या पैशात, आपल्या मुलखातल्या फळाफुलांचं हे काम होऊ शकतं का, होत असेल तर कसं, हे पाहायचं होतं. म्हणून कुही निवडलं.

नागपूरच्या आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवरचा हा तालुका. इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज इथे थांबायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली. पूर्वेला वैनगंगा, गोसीखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी आणि अंभोऱ्याचा नवा केबलचा पूल. दक्षिणेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल. मधे धानाच्या बांध्या, मिरची, सोयाबीन, आणि धुऱ्याधुऱ्यावर मोहाची झाडं. या तालुक्यात फिरताना मला वाइनरी दिसली नाही. पण गोड पाण्याची दारू कशी होते हे ज्याला ठाऊक नाही असा म्हातारा माणूसही भेटला नाही.

मोहफुलं पाण्यात भिजवून, सडवून जे तयार होतं त्याला इथे सडवा म्हणतात. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतही हाच शब्द असतो: अमुक लिटर मोहफूल सडवा जागीच नष्ट केला. शास्त्राच्या हिशेबाने हा सडवा म्हणजे फुलांची कच्ची वाइनच. पण कुहीत मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी कुणीही त्याला पिण्याचा पदार्थ मानत नाही. तो भट्टीवर चढवायचा माल. माझ्या मते गाडं इथेच अडलंय. आंबवण्याचं ज्ञान घरोघरी आहे, ते स्वस्त आहे, पण भट्टीच्या अलीकडे थांबण्याची सवय नाही.

पहाटे पडणारी साखर

मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरपर्यंत मोह गळतो. फुलं रात्री सुटतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली पिवळट-पांढरा सडा पडलेला असतो. अंधारातच बायका टोपल्या घेऊन निघतात. अभयारण्याच्या कडेच्या गावांत एकट्यादुकट्याने कुणी जात नाही, वाघाची भीती खरी आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे असेच सुरू होतात, म्हणून वनविभाग पाला झाडून काढा, जाळी अंथरा असं सांगत असतो.

ताजं फूल तोंडात टाकलं तर आधी गोडवा, मग एक उग्र वास. बहुतेक भाग पाणीच. अंगणात वाळवलं की ते तपकिरी आणि चिवट होतं, आणि वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर उरते. गुळाइतकं गोड नव्हे, पण गुळाच्या पंगतीला बसण्याजोगं. मोहाच्या पोळ्या करतात, तीळ घालून कुटून लाडू करतात, उकडून तसंच खातात. दुष्काळात या फुलांनी माणसं जगवली आहेत, ही आठवण इथल्या म्हाताऱ्यांना आजोबांकडून मिळालेली आहे.

पैशाचा हिशेब मात्र उलटा चालतो. एप्रिलमध्ये घरात फूल मावत नाही, हातात पैसा नसतो, म्हणून ते व्यापाऱ्याला पडत्या भावाने विकलं जातं. पावसाळ्यात त्याच माणसाला तेच फूल चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं. साठवायला कोरडी जागा असती तर अर्धा प्रश्न सुटला असता.

या फुलामागे सरकार फार जुन्या काळापासून लागलेलं आहे. १८८० च्या दशकात वाळलेली मोहफुलं मुंबईहून फ्रान्सला जात होती, तिथे त्यांची दारू गाळली जायची. त्याच सुमाराला मुंबई इलाख्यात मात्र घरात मोहफुलं बाळगण्यावर बंधन आलं. १८९२ चा मोहाचा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. स्वातंत्र्यानंतरही फुलं जमवायला, ठेवायला, वाहून न्यायला परवान्याची कटकट राहिली. राज्य सरकारने ती बंधनं काढली ती थेट २०२१ मध्ये. झाड धुऱ्यावर आणि फूल परवान्यात, अशी तीन पिढ्या गेल्यावर लोकांचं आंबवणं चोरून होऊ लागलं तर नवल नाही. चोरून केलेल्या कामात चव बघायला कुणाला उसंत नसते.

एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आजींनी मला पद्धत सांगितली. नाव छापू नका, ही त्यांची एकच अट. "मोवा धुवाचा, पानी बेतानं टाकाचं, मडक्याचं तोंड बांधून ठेवाचं. कान लावून आयकाचं. बुडबुडा बंद पडला का झालं." उन्हाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत आठवड्याहून जास्त. त्यांच्याकडे हायड्रोमीटर नाही, थर्मामीटर नाही. कानाने त्या किण्वनाचा शेवट ओळखतात, आणि बरोबर ओळखतात.

मडक्यात काय चालतं

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे काम जिवंत पेशी करतात हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं. मोहाच्या फुलावर, जांभळाच्या सालीवर हे यीस्ट रानातूनच येतं. हिशेब सोपा आहे: एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल. दहा टक्क्यांची वाइन हवी तर लिटरमागे १७० ग्रॅम साखर लागते. एवढं एक गणित ज्याला कळलं त्याचे निम्मे पैसे वाचतात, कारण घरगुती वाइनमध्ये साखर जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जास्त पडते.

यीस्टला साखरेखेरीज नायट्रोजनही लागतो. मोहफुलात साखर भरपूर, पण नायट्रोजन तोकडा. हातभट्टीवाले सडव्यात नवसागर टाकतात त्याचं कारण हेच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, यीस्टचं खत. कारण समजलं की पर्यायही सापडतो: मूठभर गहू किंवा थोडे मनुके काही प्रमाणात तेच काम करतात आणि पोटाला त्रास देत नाहीत.

मग हवा. सुरुवातीचा दिवस-दीड दिवस भांड्यात हवा चालते, नंतर नको. हवा लागत राहिली की ॲसिटिक जिवाणू अल्कोहोलचं ॲसिड करतात आणि बरणीतला माल आंबट होतो. बाहेरून आणलेला एअरलॉक दोनशे-तीनशे रुपयांचा. त्याऐवजी झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी घालायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवायचं. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. झाकण घट्ट आवळून ठेवलं तर बाटली फुटते. हा धोका थट्टेवारी नेऊ नये, काचेने डोळे गेलेले आहेत.

विदर्भात सगळ्यात मोठी अडचण उन्हाची आहे. नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतलं भांडं ४० च्या खाली राहत नाही. यीस्ट अशा उष्णतेत धडाधड काम उरकतं, पण जड, डोकं धरणारी अल्कोहोलं मागे सोडतं आणि पुष्कळदा अर्ध्यावर मरतं. भट्टी लावणाऱ्याला याची फिकीर नसते. वाइन करणाऱ्याला असते. पूर्व विदर्भात वाइनचा खरा हंगाम म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यापर्यंत. मोह वाळवून ठेवता येतो, त्यामुळे उन्हाळ्यातलं फूल हिवाळ्यात आंबवता येतं. बाहेर मडक्याला ओलं पोतं गुंडाळलं की वाऱ्यावर तापमान आणखी दोन-चार अंश उतरतं.

आणि विषाचा प्रश्न. मुंबईत २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत शंभराहून अधिक. मेली ती मिथेनॉलने, आणि ते मिथेनॉल कारखान्यातून आलेलं होतं, कुणाच्या सडव्यात जन्मलेलं नव्हतं. फळातल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉल तयार होतं हे खरं. पण आंबवून, फडक्यातून गाळून, न उकळता प्यायच्या वाइनमध्ये ते अत्यल्प असतं. भट्टीच्या अलीकडे थांबावं असं मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं अधिक साधं: वाइन आठ-दहा टक्क्यांची असते, भट्टीतून उतरलेली पहिल्या धारेची दारू तिच्या कितीतरी पट कडक.

एक किलो द्राक्षं, एक किलो साखर

नागपूर परिसरात फळांची वाइन घरी करण्याची चालत आलेली रीत आहे ती ख्रिस्ती कुटुंबांत. कामठीची छावणी १८२१ मधली. तिच्यामागून आणि रेल्वेमागून आलेल्या अँग्लो-इंडियन घरांत नाताळच्या आधी बरणी लागते. वसईकडच्या घरांतही हेच. कामठीतल्या ज्या आंटींनी मला कृती दाखवली त्यांची बरणी लोणच्याची, चिनी मातीची, आजीच्या काळची. एक किलो काळी द्राक्षं हाताने चुरडायची. एक किलो साखर, दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, कोमट पाण्यात फुगवलेलं चमचाभर बेकरीचं यीस्ट. तोंडाला फडकं. रोज लाकडी चमच्याने एकदा ढवळायचं, एकवीस दिवस. मग गाळायचं आणि गाळ बसेपर्यंत तसंच ठेवायचं.

हातात येतात अडीच-तीन लिटर. खर्च द्राक्षांचा आणि साखरेचा, म्हणजे दुकानातल्या एका साध्या बाटलीच्या किमतीपेक्षाही कमी. चव गोड, जाड, थोडी पोर्टसारखी. ती गोड का, हे वरच्या गणिताने लगेच उलगडतं. तीन लिटरमध्ये एक किलो साखर म्हणजे लिटरमागे ३०० ग्रॅमहून जास्त, शिवाय द्राक्षांची स्वतःची. बेकरीचं यीस्ट दहा-बारा टक्क्यांपाशी दमतं, उरलेली साखर तशीच राहते. साखर निम्मी केली तर वाइन तितकीच चढेल आणि जेवणासोबत घेता येईल. हे मी आंटींना सांगितलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की नाताळच्या वाइनसोबत केक असतो, जेवण नसतं. मला ते पटलं.

कुहीत हीच बरणी जांभळाला चालेल. जूनमध्ये रस्त्याकडेची जांभळं पायाखाली तुडवली जातात. जांभळात रंग आहे, आंबटपणा आहे, तुरटपणा आहे. म्हणजे चांगल्या लाल वाइनला लागतं ते सगळं, फक्त साखर थोडी कमी. लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम साखर वरून घातली की काम होतं. बिया फुटू द्यायच्या नाहीत, इतकीच काळजी. जून उष्ण असतो, म्हणून गर काढून गोठवून ठेवणारेही आहेत. सीताफळ लवकर काळं पडतं आणि त्याच्या गराची लापशी होते, त्याच्या नादी लागू नये. बोरं मात्र हिवाळ्यात येतात, फुकट मिळतात आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नाही.

संत्रं सोपं नाही

नागपूर म्हटलं की सगळे संत्र्याची वाइन विचारतात. कुही हा संत्र्याचा पट्टा नव्हे, तो काटोल-नरखेडकडे. पण नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि दर हंगामात भाव पडला की लहान फळं रस्त्यावर टाकली जातात. तेव्हा वाइन का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर प्रत्येक नागपूरकराच्या जिभेवर आहे. संत्र्याचा रस काढला की लगेच प्यायचा. दोन-चार तास ठेवला तर कडू होतो. फळाच्या पाकळीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. रस निघाला की आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अगदी अल्प प्रमाणातही कडू लागतं. उष्णता दिली तर हे आणखी लवकर होतं. वाइनला तर आठवडे लागतात. त्यात सालीतलं तेल यीस्टला मारक. म्हणून संत्र्याची वाइन करायची तर साल, पांढरा दोरा, पापुद्रा, बिया सगळं हाताने काढून नुसत्या गराचे मणी घ्यावे लागतात, आणि दाबून पिळायचं नाही. घरी पाच लिटरसाठी हे एका संध्याकाळचं काम आहे, चार माणसं बसली तर. कारखान्याला ते परवडत नाही. म्हणजे ही वाइन खरं तर घराचीच आहे.

बिअरचा रस्ता वेगळा

बिअरबद्दल कुहीत फार काही सापडलं नाही, आणि त्याचं कारण धान्यात आहे. फळात साखर तयार असते, धान्यात पीठ असतं. पिठाची साखर करायला धान्याला मोड आणावे लागतात, वाळवून भरडावं लागतं, मग ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर मुरवावं लागतं. मोड आणून वाळवण्याची कला आपल्याकडे नाचणीच्या सत्त्वात आहेच. पण विदर्भाच्या घरात सहज मिळेल ती ज्वारी, आणि ज्वारीच्या कोंबात सायनाइड बनवणारं द्रव्य असतं. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतकं होते, तिथे कोंब-मुळं चोळून काढण्याची रीत आहे. ती माहीत नसताना प्रयोग करू नये. पूर्वेकडे छत्तीसगढ-झारखंडात भातापासून लांदा, हंडिया ही बिअरसारखी पेयं होतात. कुहीत धान आहे, पण ती रीत वैनगंगा ओलांडून इकडे आलेली मला दिसली नाही. कमी खर्चात करायचं तर बिअरपेक्षा फळ बरं, असं माझं मत झालं.

परवान्याची रेघ

आता जे सांगायलाच हवं ते. वर लिहिलेलं सगळं महाराष्ट्रात परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम मद्य बनवण्यावर बंदी घालतो, आणि नाताळची बरणी व हातभट्टीचा पिंप यांत तो फरक करत नाही. कामठीच्या आंटींना हे माहीत होतं. नाव छापू नका असं त्याही म्हणाल्या, कुहीच्या आजींसारख्याच.

मोठ्या उद्योगाला मात्र राज्याने दार उघडलं. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. पालघरच्या बोर्डीत चिकूची वाइन बाटलीत भरली गेली, पुण्यात मधाचं मीड. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुलं आणि काजूबोंडांच्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात घेतलं, म्हणजे कारखान्यातून आलेला मोह इंग्रजी दुकानाच्या फळीवर बसू शकतो. फूल वेचणाऱ्या बाईला यात भाव थोडा बरा मिळेल, पण तिच्या मडक्याला जागा नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगढमध्ये आदिवासी कुटुंबांना स्वतःपुरती, ठरावीक मर्यादेत दारू करायची मुभा आहे. ब्रिटनने घरगुती बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढला. अमेरिकेत घरची वाइन आधीपासून चालत होती, बिअरला १९७८ च्या कायद्याने परवानगी मिळाली, आणि आज तिथल्या नामांकित छोट्या ब्रुअऱ्यांपैकी कितीतरी घरच्या स्वयंपाकघरातून निघालेल्या आहेत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आंबवणं आणि भट्टीवर गाळणं यांना कायद्याने वेगळं मानावं. घरापुरती, विक्री न करता, भट्टी न लावता, ठरावीक लिटरची वाइन करण्याची मुभा द्यावी. हे मी कुहीच्या पारावर, कामठीच्या बैठकीत आणि नागपुरात अनेकांना सांगितलं. पुरुषांनी मान डोलावली.

पाच लिटर कोन मोजनार

बायकांनी डोलावली नाही. मोहाचे लाडू आणि जांभळाचं सरबत करणाऱ्या एका बचत गटात मी हा विषय काढला, आणि पहिलं वाक्य संपायच्या आत एक ताई म्हणाली, "घरात पाच लिटर चालते म्हनलं तर पाच लिटर कोन मोजनार, भाऊ? मीच ना?" तिच्या नवऱ्याने हातभट्टीपायी बांधी गहाण टाकली होती. तिला वाइन आणि दारू यांतला टक्क्यांचा फरक समजावून सांगणं मला जमलं नाही, आणि तिला तो समजत नव्हता म्हणून नव्हे.

या भागात दारूबंदीचा प्रश्न लांबचा नाही. पश्चिमेचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात 'आडवी बाटली' निवडली तर दुकान बंद होतं, या नियमाचा उपयोग विदर्भातल्या बायकांनी रात्र-रात्र जागून केला आहे. घरगुती वाइनच्या बाजूने बोलणाऱ्याने त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलावं लागेल. म्हणून मुभेला एक अट जोडावी असं मला वाटतं: गावातल्या महिलांच्या ग्रामसभेने होकार दिला तिथेच ती लागू व्हावी, आणि त्यांनी म्हटलं की थांबावी.

गटातल्या दुसऱ्या एका बाईने वेगळाच प्रश्न विचारला. सरबताच्या प्रशिक्षणात त्यांना ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायला आणि टिकवण्यासाठीचं केएमएस किती ग्रॅम टाकायचं ते शिकवलेलं होतं. काचेच्या बरण्या होत्या, गाळणी होती, लेबलं होती. जांभळाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, मधुमेहाच्या माणसांना विकला जातो हे तिने कुही तालुक्यातल्या मांढळच्या बाजारात पाहिलं होतं. आपण तो केला तर? मी सांगितलं की करता येईल. लोखंडी झाकण लावायचं नाही, ॲसिड ते खातं. नियमाप्रमाणे ॲसिटिक आम्ल किमान ३.७५ टक्के हवं, त्यासाठी रस आधी पाच-सहा टक्के अल्कोहोलपर्यंत आंबवायचा आणि मग रुंद तोंडाच्या बरणीत हवेला उघडा ठेवायचा.

"म्हंजे आधी वाइनच करावी लागते," ती म्हणाली.

हो.

"अन् त्या मधल्या पंधरा दिवसांत छापा पडला तर?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. गटाच्या अध्यक्षबाईंनी वही काढली आणि जांभळं पिकायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाला लेखी विचारायचं असं त्या दिवशीच्या ठरावात लिहून घेतलं.